दारातली रांगोळी आणि पलीकडचे सात देश

तमाम मराठी बंधुभगिनींना अत्यंत गंभीर अंतःकरणाने कळवण्यात येते की, सिंगापुरातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, पाचव्या मजल्यावर, ग्वातेमालापासून पनामापर्यंतचे सातही देश एका शनिवारी संध्याकाळी कोंडले गेले होते. कोंडणारं सैन्य परकीय नव्हतं. आमच्या मंडळाच्या चार बायका होत्या. त्यांच्याकडे शस्त्र म्हणून लाकडाचा भुसा होता आणि चिमूटभर हळदकुंकू. जीवितहानी झाली नाही. मोजे मात्र पुष्कळ गेले.

आता हे झालं कसं, ते बैजवार सांगते.

ही २०१० नंतरच्या दशकातली, मधल्या कुठल्यातरी वर्षातली गोष्ट. नवरा वन-नॉर्थला एका कंपनीत मॅनेजर, म्हणून त्याला एम्प्लॉयमेंट पास. मी त्याची बायको, म्हणून मला डिपेन्डन्ट पास. सरकारने एकदा अधिकृतपणे 'अवलंबून' म्हणून कार्ड हातात दिलं की माणसाला काहीतरी करून दाखवायची खुमखुमी येते. बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमधले सगळे डबे मी लावले, मग त्यांना लेबलं लावली, मग उंचीप्रमाणे पुन्हा लावले. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, प्लीज, गो आउट लाह." म्हणून मी ग्रंथालयात स्वयंसेविका झाले आणि त्यांनी मला पाचव्या मजल्यावर, विशेष संग्रहात पाठवून दिलं.

विशेष संग्रह म्हणजे ग्रंथालयातलं सोवळं. आत पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. पिशवी बाहेर, पाण्याची बाटली बाहेर. हात धुऊन, कोरडे करून आत यायचं. पुस्तक टेबलावर आपटायचं नाही, त्याला फोमची उशी द्यायची आणि पान उलटताना तान्ह्या बाळाची मान धरावी तसं धरायचं. थंडी तर अशी, की भर दुपारी शाल घेऊन बसावं लागे. बाकीच्या स्वयंसेविका या नियमांना कंटाळल्या. मी मात्र माहेरी आल्यासारखी रमले. शिवू नको, लांब हो, आधी हात धू! लहानपणी हे सगळं मी ऐकून घेतलं होतं. आता दुसऱ्यांना ऐकवायची संधी आली होती.

तिथल्या ग्रंथपाल बाई सिंगापूरच्याच, माझ्याच वयाच्या, बारीक चणीच्या आणि एका गोष्टीवर जीव टाकणाऱ्या. ती गोष्ट म्हणजे मध्य अमेरिकेचा संग्रह. बोटीवरचे एक इंजिनियर पनामाच्या कालव्यातून आयुष्यभर ये-जा करत राहिले. बाकीचे खलाशी बंदरात उतरले की कुठे जायचे ते जाऊ दे. हे गृहस्थ पुस्तकांच्या दुकानात आणि बाजारात जायचे आणि मिळेल ते जमवायचे. स्वस्त कागदावर छापलेल्या कवितांच्या पातळ पुस्तिका, नाटकांची भित्तिपत्रकं, ग्वातेमालाच्या बायकांनी मागावर विणलेले भरजरी दिसणारे झगे, पनामाच्या बायकांची मोला नावाची कापडी नक्षी. मोला म्हणजे आपली गोधडी आठवते, पण उलट्या डोक्याची. आपण कापडावर कापड लावत जातो. त्या थरावर थर ठेवून वरचे थर कापत जातात आणि खालचा रंग वर काढतात. हे सगळं त्या इंजिनियरांनी मरताना ग्रंथालयाला दिलं. ते वाचता यावं म्हणून आमच्या बाई संध्याकाळच्या वर्गाला जाऊन स्पॅनिश शिकल्या. त्यांच्या स्पॅनिशमध्येही वाक्याच्या शेवटी ते खास सिंगापुरी 'लाह' यायचं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आणि हाच संग्रह जाणार होता.

ग्रंथालयाचे संचालक हे नीटनेटके, मृदू बोलणारे, कुणाला कधी न दुखावणारे गृहस्थ. अशा माणसाने सही केली की ती पुसता पुसली जात नाही. त्यांनी शांतपणे सही केली होती: संग्रहाची खोकी बुकित बातोकच्या औद्योगिक भागातल्या गोदामात हलवायची आणि वाचनाच्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी मऊ गाद्या आणि कॉफीचं यंत्र बसवायचं. गोदामातली वस्तू हवी असली तर अर्ज करून मागवता येणार होती. पण जे कधी दिसलंच नाही, ते मागवणार कोण?

"बरं झालं, तुला जवळ पडेल," माझा नवरा म्हणाला. त्या रात्री त्याला वरणभातावर भागवावं लागलं.

बाईंनी संचालकांकडे जाऊन खूप रदबदली केली. शेवटी ते इतकंच म्हणाले, की एक प्रदर्शन करा. लोक खरोखर आत आले, वस्तू उघडून पाहिल्या, तर मी फेरविचार करीन. नाहीतर त्यानंतरच्या सोमवारी ट्रक.

आता माझा प्रवेश होतो. खोकी उघडताना मला फोटोंचा एक गठ्ठा मिळाला. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ग्वातेमालात रस्त्यांवर रंगीत भुशाचे लांबच लांब गालिचे घालतात, त्याचे ते फोटो होते. फुलं, पक्षी, वेलबुट्टी, किनार.

"अय्या, रांगोळी!" मी ओरडले. वाचनाच्या खोलीत ओरडायचं नसतं. पण त्या दिवशी खोलीत दुसरं कुणी नव्हतंच, आणि खरा प्रश्न तोच होता.

बाईंनी समजावलं, की लोक रात्रभर खपून हे काढतात. मग मिरवणूक येते आणि त्यावरून चालत जाते. सगळं पुसून जातं. त्यासाठीच तर काढायचं.

मग आम्ही दोघींनी बेत रचला. लिफ्टपासून वाचनाच्या खोलीच्या दारापर्यंत जो बोळ आहे, त्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भुशाचा गालिचा घालायचा. लोक बघायला येतील. आणि ज्याला आत जायचं असेल त्याला त्यावरूनच जावं लागेल. म्हणजे मिरवणूकही झाली आणि वाचकही आत आले. बेत इतका चोख होता की आम्ही एकमेकींना टाळी दिली.

भुसा मी बुकित बातोकच्याच एका सुतारकामाच्या कारखान्यातून आणला. दोन पोती. नवऱ्याने ती एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, नेली. स्टेशनवरच्या माणसाने विचारलं, आत काय आहे? नवरा म्हणाला, "बायकोचा छंद." त्या माणसाने पुढे काही विचारलं नाही, तोही विवाहित असावा. ग्रंथालयात मात्र बाईंनी पोती दारातच अडवली. भुशात किडे असतात, आणि किड्यांना पुस्तकं आवडतात. म्हणून पुस्तकांना कीड लागली की ज्या फ्रीझरमध्ये ठेवतात, त्यात आमची पोती आठवडाभर गोठली. मग आम्ही भुसा वाळवला, रंगवला, पुन्हा वाळवला. ग्वातेमालात त्यावर पाणी शिंपडतात. आम्हाला पाण्याचा थेंबही मना होता. आमचा गालिचा कोरडाच राहणार होता.

आता कलावंत हवा. मंडळात या बाबतीत एकच नाव निघे: बिशानच्या काकू. बिशान भागात मुलाकडे राहायला आलेल्या, मूळच्या मिरजेच्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. दिवाळीत त्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत रांगोळी काढत आणि मग खुर्ची टाकून तिच्या राखणीला बसत. एकदा पार्सल घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी पलीकडच्या लिफ्टने जायला लावलं होतं. त्याला मराठी येत नव्हतं आणि काकूंना इंग्रजी जेमतेम. पण काकूंचा हात ज्या दिशेला जाई त्या दिशेला माणसं जात.

काकू आल्या. बाईंनी पातळ कागदातून ग्वातेमालाचा एक झगा उलगडला. काकूंनी आपण होऊन दोन्ही हात पाठीमागे बांधले, वाकल्या, आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"ही ठिपक्यांची आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "अगं, बघ ना. धागे मोजलेत. ठिपके मोजून काढतो तसंच. हा पक्षी सात ठिपक्यांवर बसलाय."

मी भाषांतर केलं. बाईंनी भिंग आणून काकूंच्या हातात दिलं. मग काकू एकेक नक्षी मोजत "सेव्हन", "नाइन" असं म्हणू लागल्या आणि बाई "येस, येस!" म्हणत पेन्सिलने टिपू लागल्या. दोघींचं इतकं जमलं की दुभाषी म्हणून माझी गरज संपली आणि मी शाल घेऊन कोपऱ्यात बसले.

इंजिनियरांच्या संग्रहात गालिच्यावर भुसा पाडायचे तिकडचे कापलेले छापेही होते. बाईंनी त्यांच्या प्रती काढून दिल्या. काकूंनी त्या हातात घेतल्या आणि फार सभ्यपणे परत केल्या.

"छापे?" त्या मला म्हणाल्या. "ज्यांचे हात थरथरतात त्यांना दे."

आता न्यायाची गोष्ट म्हणून सांगते, की मी काकूंना सगळं स्पष्ट सांगितलं होतं. "काकू, यावरून लोक चालत जाणार आहेत हं. तिकडे तशीच पद्धत आहे."

"कुठले लोक?"

"आलेले पाहुणे."

"बघू," काकू म्हणाल्या.

मराठी घरात 'बघू' या शब्दाचा अर्थ लहान मुलांनाही कळतो. पण काकूंच्या मदतीला आलेल्या मंडळाच्या तिघी उत्साहाने "हो हो, तिकडे तसंच असतं" म्हणाल्या, आणि मला वाटलं, झालं. खरं म्हणजे पाय पडणार हे सगळ्यांना मान्य होतं. तो पाय आपला असेल, किंवा तो आपल्या डोळ्यांसमोर पडेल, असं मात्र कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

शनिवारी सकाळपासून चौघी गुडघ्यांवर होत्या. बाई पलीकडे, वाचनाच्या खोलीत, फोमच्या उशांवर पुस्तकं मांडत होत्या. दाराच्या उंबऱ्यापासून मागे सरकत सरकत संध्याकाळी काकूंनी शेवटची किनार लिफ्टपाशी आणून संपवली. हिरव्या शेपटीचे पक्षी, लाल-निळ्या पायऱ्या-पायऱ्यांची किनार, मधोमध मोलातल्यासारखं एक कासव, थरात थर, रंगात रंग. इतकं देखणं, की एसीचा झोत त्यावर पडू नये म्हणून मी हात आडवा धरून उभी राहिले.

आणि मग काकूंनी पर्समधून छोटी डबी काढली आणि जवळच्या दोन कोपऱ्यांवर हळदकुंकू वाहिलं.

तिथेच सगळं संपलं. हळदकुंकू वाहिलेल्या रांगोळीवर पाय देणारा मराठी माणूस अजून जन्माला आलेला नाही.

पाहुणे येऊ लागले. मी व्हॉट्सॲपवर फारच हौसेने आमंत्रण दिलं होतं. बिशान, बुकित बातोक, कुठकुठून घरंच्या घरं आली. विद्यापीठातले आपले संशोधक विद्यार्थी आले. जो लिफ्टमधून उतरे तो "वा!" म्हणे, फोन काढे, आणि भिंतीला पाठ लावून उभा राही. मागून येणारे स्थानिक विद्यार्थी हे पाहत आणि तेही शिस्तीत भिंतीला लागत. या देशात चार माणसं एका रेषेमागे उभी दिसली की पाचवा रेष कशाची हे विचारत नाही. बोळाचं लिफ्टकडचं टोक गच्च भरलं. वाचनाच्या खोलीत फक्त बाई होत्या. दारात उभ्या राहून हात हलवत होत्या, नदीपलीकडून होडीला हाक मारावी तशा.

"कम, कम! इनसाइड!"

"हो, हो, व्हेरी नाइस!" इकडून सगळ्यांनी उत्तर दिलं आणि कुणीही हललं नाही.

बाईंनी मग स्वतःच सुरुवात करायची ठरवली. आतून उंबऱ्यावर आल्या, पाय उचलला. आणि आमच्या अख्ख्या समाजातून एकदम आवाज आला: "ए ए ए ए!" बाईंनी चटका बसावा तसा पाय मागे घेतला.

नेमक्या याच वेळी संचालक आले. त्यांनी गालिचा पाहिला, मनापासून कौतुक केलं, चौघींशी हस्तांदोलन केलं. मग पलीकडे पाहिलं. रिकामी खोली. मांडलेल्या उशा, उघडी पुस्तकं, आणि दारात एकटी बाई. त्यांनी चेहऱ्यावरचं हसू जराही कमी होऊ दिलं नाही. पण हात हळूच लिफ्टच्या बटणाकडे गेला.

मी काकूंचं कोपर धरलं. "काकू, ते चालले. सोमवारी ट्रक येणार. तो तुमचा पक्षी गोदामात जाणार."

"मग जाऊ देत ना त्यांना आत. मी काय अडवलंय?"

"तुमच्या रांगोळीने अडवलंय!"

"मी आधीच म्हणत होते, बाजूने वाट ठेवा."

"कधी म्हणालात?"

"मनात म्हणत होते," काकू म्हणाल्या. मग त्यांनी पलीकडे पाहिलं. बाई अजून दारातच होत्या, पण आता हात हलवत नव्हत्या. भिंग मुठीत धरून नुसत्या उभ्या होत्या. काकूंचे ओठ एकमेकांवर घट्ट बसले. पेपर तपासताना त्यांचे असेच बसत असणार.

"रोजची दारातली रांगोळी सकाळी कोण पुसतं?" त्यांनी अचानक मला विचारलं.

"आपणच."

"मग झालं तर." त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला, वाकून रांगोळीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. लिफ्ट आली, दार उघडलं. संचालकांचा एक पाय आत. आणि काकू शाळेच्या आवाजात गरजल्या, "साहेब! स्टॉप! शूज काढा!"

साहेब थांबले. त्या आवाजापुढे सगळ्या देशांतले सगळे विद्यार्थी थांबतात. त्यांनी बूट काढले. काकूंनी त्यांना दंडाला धरून गालिच्याच्या काठाशी आणलं.

"राइट लेग," काकू म्हणाल्या. "राइट लेग फर्स्ट. अगं, सांग त्यांना, माप ओलांडून यायचं तसं."

मी संचालकांना घाईघाईने समजावलं, की आमच्याकडे नवी नवरी सासरी येते तेव्हा उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवतात. ते ती उजव्या पायाने लवंडते आणि घरात येते. तिथे पाय लागणंच शुभ. संचालकांनी अत्यंत गांभीर्याने मान डोलावली, जणू नियमावलीतच लिहिलं होतं. उजवा पाय पुढे केला. काकूंनीही केला. दोघं त्या हिरव्या शेपटीच्या पक्ष्यावर उतरली.

आमच्या लोकांना एवढंच हवं होतं. पाय द्यायला ते तयार नव्हते, पण माप ओलांडायला कोण तयार नसतं? भराभर चपला निघाल्या. मागून कुणीतरी आवाज दिला, "नवरीने नाव घ्यायला पाहिजे! नाव घेतल्याशिवाय आत नाही!" आणि बायकांनी उंबऱ्यापाशी खरोखर दार अडवलं. "नाव घ्या, नाव घ्या!"

"व्हॉट मस्ट आय डू?" संचालकांनी मला विचारलं. ते आता गुडघ्यापर्यंत गुलाबी झाले होते.

"नाव घ्यायचं, सर. ज्याच्या घरात चाललात त्याचं."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दारावर पाटी होती. ती त्यांनी खणखणीत, स्पष्ट आवाजात वाचली: मध्य अमेरिका, साहित्य आणि कला. बायकांनी टाळ्या पिटल्या. बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी दार सताड उघडलं.

त्यानंतर खोलीत जे झालं ते मी डोळे भरून पाहिलं. बेसिनपाशी हात धुवायला रांग लागली. पेनं पिशव्यांत गेली, पेन्सिली बाहेर आल्या. आमच्या बायका मोलाभोवती जमल्या आणि सगळ्यांनी एकच मागणी केली: उलट बाजू दाखवा. कापडाची उलट बाजू पाहिल्याशिवाय मराठी बाई कुणाच्या शिवणाला चांगलं म्हणत नाही. बाईंनी स्वतःच्या हातांनी ती हळूच उलटली. "बघा, बघा, गाठ कुठे दिसतेय का?" "आमची गोधडी हिच्यापुढे पोतं आहे, बाई." विद्यार्थी पोरं कवितांच्या पुस्तिकांवर वाकली होती. एकाने विचारलं आणि बाईंनी एक ओळ वाचून अर्थ सांगितला. मग दुसऱ्याने दुसरी पुढे केली, तिसऱ्याने तिसरी. बाईंचा आवाज बसायला आला तरी त्या वाचतच होत्या. काकू मात्र त्या झग्यापाशी हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या आणि येईल त्याला "सेव्हन डॉट्स" असं बजावत होत्या.

संचालक मोलापाशी बराच वेळ थांबले. चष्मा काढून अगदी जवळ गेले. त्यांची आजी मण्यांच्या सपाता भरायची, असं ते हळू आवाजात म्हणाले, इतके बारीक मणी, की शेवटी तिचे डोळेच गेले. मग त्यांनी एक पुस्तिका उघडली, एक भित्तिपत्रक पाहिलं, आणि पुन्हा मोलाकडे आले.

"हेसुद्धा जाणार?" त्यांनी बाईंना विचारलं.

"हो सर."

"आणि हे कवितांचं?"

"सगळंच सर. सोमवारी."

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. एक मोजा लाल, एक निळा, विजारीला गुलाबी भुसा, अशा अवस्थेत ते ताठ उभे राहिले. वर्गात काच कुणी फोडली हे शोधणाऱ्या मास्तरांसारखी त्यांनी आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हे सगळं बुकित बातोकला पाठवायचं, असं ठरवलं तरी कुणी?"